स्टेंट असताना हुडहुडी भरली, तर सकाळची वाट पाहू नका

प्रश्न: माझ्या वडिलांना (वय 63) स्वादुपिंडाच्या डोक्याकडच्या भागाचा कॅन्सर आहे. कावीळ झाली म्हणून साडेचार महिन्यांपूर्वी ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेपर्यंत जाणं) करून प्लास्टिकचा स्टेंट (पित्ताला वाट देणारी नळी) घातला आणि मग केमो सुरू झाली. तिसऱ्या केमोनंतर नवव्या दिवशी संध्याकाळी त्यांना जोराची थंडी वाजून ताप आला. गावातल्या दवाखान्यात तापाची गोळी आणि एक इंजेक्शन दिलं, ताप उतरला. दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच झालं. पहाटे ते असंबद्ध बोलू लागले, बीपी 80 वर आलं. तीन तासांवरच्या शहरात नेऊन आयसीयूत ठेवलं. ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) ई. कोलाय निघाले, रिपोर्टवर 'ईएसबीएल पॉझिटिव्ह' असं होतं. तिथे सुरू केलेलं इंजेक्शन दोन दिवसांनी बदलून दुसरं महागडं लावलं. चौथ्या दिवशी स्टेंट बदलला, पुन्हा प्लास्टिकचाच. आता बाबा घरी आहेत, बरे आहेत. कॅन्सर रक्तात गेला का? हे बाहेरच्या खाण्यापाण्यातून झालं का? ताप उतरत होता तर स्टेंट बदलायची खरंच गरज होती का, आणि इंजेक्शन का बदललं? पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं? केमो कधी घेता येईल?
– एक मुलगी, लातूर जिल्हा

उत्तर:

ताई,

कॅन्सर रक्तात गेलेला नाही. कल्चरमध्ये निघाले ते जंतू आहेत, कॅन्सरच्या पेशी नव्हेत. 'रक्तात इन्फेक्शन झालंय' हे वाक्य ऐकून अनेक घरांत असाच समज होतो आणि मग 'आता काय उपयोग' म्हणून पेशंटला घरी आणतात. हा वेगळा आजार आहे आणि तो बरा होतो, हे घरातल्या सगळ्यांना स्पष्ट सांगा. तापाची साथ लागावी तसा तो घरात कुणाला लागत नाही. नातवंडांना आजोबांजवळ खुशाल बसू द्या. फक्त हे जंतू बऱ्याच औषधांना न जुमानणारे आहेत, म्हणून संडासहून आल्यावर बाबांनी आणि त्यांचं करणाऱ्यांनी साबणाने हात नीट धुवावेत.

खाण्यापाण्याचाही दोष नाही. ई. कोलाय आपल्या सगळ्यांच्या आतड्यात असतात. बाबांचे स्वतःचेच जंतू पित्तनलिकेत चढले आणि तिथून रक्तात शिरले. ते कसे, हे समजलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं सोपी होतात.

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ते पित्तनलिकेतून आतड्यात उतरतं. नलिकेच्या तोंडाशी स्नायूचं एक कडं असतं. ते आतड्यातले जंतू वर येऊ देत नाही, आणि जे चुकून चढतात त्यांना पित्ताचा प्रवाह धुऊन खाली आणतो. स्टेंट याच तोंडातून बाहेर आलेला असतो, म्हणजे दार कायमचं उघडं. त्यामुळे स्टेंट बसवल्यावर पित्त निर्जंतुक राहत नाही. हे जवळपास प्रत्येकाचं होतं आणि तेवढ्याने कुणी आजारी पडत नाही. म्हणूनच ताप नसताना नुसत्या पित्ताच्या कल्चरमध्ये जंतू सापडले, तर त्यावर अँटिबायोटिक देत नाहीत.

आजार होतो तो पित्त तुंबल्यावर. प्लास्टिकच्या नळीच्या आतल्या अंगाला जंतूंचा चिकट थर बसतो, त्यावर पित्ताचा गाळ आणि आतड्यातून वर आलेले अन्नाचे कण साचतात. नेहमी वापरतात ती 10 फ्रेंच मापाची नळी बाहेरून मोजली तरी 3.3 मिलिमीटर भरते, आतली वाट त्याहूनही अरुंद. साधारण तीन महिन्यांत ती बुजायला लागते. पित्तनलिकेत एरवी 7 ते 14 सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब असतो. तो 25 च्या पुढे गेला की पित्त खाली जाण्याऐवजी यकृतातल्या बारीक शिरांमध्ये ढकललं जातं, आणि त्याबरोबर जंतूही. हुडहुडी भरते ती त्या वेळी. ताप मागाहून चढतो, कधी अर्ध्यापाऊण तासाने. दात वाजवणारी, दोन रजया घातल्या तरी न थांबणारी थंडी हे जंतू रक्तात उतरल्याचं फार बोलकं लक्षण आहे. थर्मामीटरवर तेव्हा ताप दिसेलच असं नाही.

बाबांच्या बाबतीत दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. स्टेंटला साडेचार महिने झाले होते आणि केमोचा नववा दिवस होता. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. त्या दिवसांत शरीर लढायला अपुरं पडतं आणि लक्षणंही दबून राहतात. पोट दुखत नाही, कावीळ दिसत नाही, नुसती थंडी वाजून येते.

आता स्टेंट बदलण्याबद्दल. मोरी तुंबलेली असताना वरून कितीही फिनाईल ओतलं तरी पाणी उतरत नाही, तसंच इथे आहे. अँटिबायोटिक रक्तातले जंतू मारतं. पण तुंबलेल्या नलिकेत ते पुरेसं उतरतच नाही, कारण पित्ताबरोबर खाली येण्याची त्याची वाटच बंद असते. ताप तात्पुरता उतरतो आणि दाब तसाच असल्याने पुन्हा जंतू रक्तात जातात. तुमच्या घरी पहिल्या रात्रीनंतर नेमकं हेच घडलं. म्हणून पित्ताला वाट करून देणं हाच मुख्य उपचार, अँटिबायोटिक त्याच्या जोडीला. बीपी पडलेलं असेल तर पेशंटला थोडं सावरून 12 तासांच्या आत निचरा करावा, इतर बहुतेकांमध्ये 48 तासांपर्यंत, असा आज सर्वसाधारण दंडक आहे. बाबांना चौथा दिवस का लागला हे त्या वेळी त्यांना पाहणारे डॉक्टरच सांगू शकतील. रक्त पातळ करणारं इंजेक्शन चालू असणं किंवा आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) वाढलेला असणं अशी कारणं असू शकतात. पित्त आतड्यात उतरत नसलं की व्हिटॅमिन के शोषलं जात नाही आणि रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून ईआरसीपीआधी त्याचं इंजेक्शन देतात.

इंजेक्शन बदललं ते रिपोर्ट हातात आल्यामुळे. ईएसबीएल म्हणजे जंतूंनी तयार केलेलं एक विकर. सेफ्ट्रायाक्झोन, सेफोटॅक्सिमसारखी नेहमीची औषधं ते मोडून टाकतं. कागदावर पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम 'चालेल' असं दिसलं तरी अशा जंतूंचं रक्तातलं इन्फेक्शन असेल तर त्यावर विसंबून राहू नये. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, सेफ्ट्रायाक्झोनला दाद न देणाऱ्या ई. कोलाय आणि क्लेबसिएला या जंतूंच्या रक्तसंसर्गात, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम दिलेल्यांपैकी 12.3 टक्के रुग्ण 30 दिवसांत दगावले, तर मेरोपेनेम दिलेल्यांपैकी 3.7 टक्के. तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण महागडं म्हणजे बहुधा मेरोपेनेमच असावं. तो पैसे काढण्याचा प्रकार नव्हता. उलट कल्चर पाहून औषध बदललं, ही चांगल्या उपचाराची खूण आहे.

कल्चरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पुढच्या वेळी तुम्हीच तिथे उभ्या असाल. अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी रक्त घ्यावं लागतं. दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या, प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर. एकाच बाटलीत तीन मिलिलिटर घालून पाठवलं तर जंतू असूनही रिपोर्ट कोरा येऊ शकतो. बाबांना केमोसाठी छातीत पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली ठेवलेली डबी) बसवला असेल, तर एक जोडी पोर्टमधून आणि एक हाताच्या शिरेतून, एकाच वेळी घ्यायला सांगा. पोर्टमधली बाटली दुसरीपेक्षा दोन तास किंवा जास्त आधी पॉझिटिव्ह झाली, तर जंतू पोर्टवर बसलेत असं समजतात आणि मग उपचार बदलतो. पण रक्त घ्यायला कुणी मिळत नाही म्हणून इंजेक्शन तासन्‌तास अडवून ठेवायचं नाही. पांढऱ्या पेशी कमी असलेल्या तापाच्या पेशंटला पहिला डोस दारात पोचल्यापासून 60 मिनिटांत मिळायला हवा.

किती दिवस? पित्ताची वाट मोकळी झाली, ताप गेला, पेशी वर आल्या, तर ई. कोलायसाठी साधारण 7 दिवस पुरतात. एन्टेरोकॉकस हा आतड्यातलाच दुसरा जंतू निघाला तर निदान दोन आठवडे, आणि कधी हृदयाच्या झडपांची सोनोग्राफीही करावी लागते. स्टेंट असलेल्यांमध्ये हा जंतू बऱ्याचदा सापडतो, आणि 'सेफ'ने सुरू होणारी कुठलीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत. निचरा करून योग्य इंजेक्शन चालू असतानाही 72 तासांनी ताप येतच असेल, तर पुन्हा शोध घ्यावा लागतो. यकृतात गळू झालंय का, एखादा फाटा तुंबलेला राहिलाय का, नवा स्टेंट सरकलाय का, पित्ताशयात पू आहे का, हे सीटी स्कॅनवर पाहतात.

आता घरी काय करायचं ते. एक डिजिटल थर्मामीटर आणि बीपीचं मशीन घरात ठेवा. केमोनंतरच्या पाचव्या ते पंधराव्या दिवसात सकाळ-संध्याकाळ काखेत किंवा तोंडात ताप मोजून वहीत लिहा, गुदद्वारात मोजू नका. स्टेंट असलेल्या माणसाचा ताप 100.4 फॅरनहाइट किंवा वर गेला, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर त्याच तासाला निघायचं. रात्रीचे दोन वाजलेले असोत, दिवाळी असो. पॅरासिटामॉल हवी तर वाटेत द्या, पण गोळीने ताप उतरला म्हणून गाडी माघारी वळवू नका. केमोच्या दिवसांत उलटीसाठी डेक्सामेथासोन चालू असतं, त्यानेही ताप लपतो. म्हणून ताप कमी असूनही बाबा गुंगीत असतील, विसंगत बोलत असतील, मिनिटाला 22 किंवा जास्त श्वास घेत असतील, वरचं बीपी 100 च्या खाली असेल, सहा तासांत लघवी झाली नसेल किंवा अंग थंडगार पडलं असेल, तर निघायला तेवढं पुरेसं आहे. लघवी चहासारखी गडद, संडास मातकट पांढुरका आणि अंगाला खाज ही स्टेंट बुजत आल्याची लक्षणं. ती दिसली की ताप यायची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

तुमचं रुग्णालय तीन तासांवर आहे, म्हणून रात्रीची व्यवस्था आजच ठरवून ठेवा. निघताना तिथल्या डॉक्टरांना फोन करा. बीपी 90 च्या खाली असेल तर सरळ तीन तासांचा प्रवास करू नका. जवळच्या उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात कल्चरचं रक्त, सलाईन आणि पहिलं इंजेक्शन उरकून मग 108 च्या रुग्णवाहिकेने पुढे जा. सुरुवातीच्या तीन तासांत वजनाच्या प्रत्येक किलोमागे 30 मिलिलिटर सलाईन देतात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला दीड लिटर. हृदय किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा. आणि ईएसबीएलचा जुना रिपोर्ट दाखवा. नाहीतर रिवाजाप्रमाणे सेफ्ट्रायाक्झोन दिलं जाईल आणि पहिला मोलाचा दिवस वाया जाईल.

फाईलच्या पहिल्या पानावर एक कागद चिकटवा: स्टेंट प्लास्टिकचा की धातूचा, किती मापाचा, कुठल्या तारखेला बसवला, कधी बदलायचा. खाली शेवटच्या केमोची तारीख आणि औषधं, रक्त पातळ करणारं काही चालू असेल तर शेवटचा डोस कधी घेतला, कशाची ॲलर्जी आहे, आणि कल्चरच्या रिपोर्टची झेरॉक्स. रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरला हा एक कागद जाड फाईलपेक्षा जास्त उपयोगी पडतो. कुणी म्हणेल, 'बिलिरुबिन (कावीळ मोजायचा आकडा) तर नॉर्मल आहे, स्टेंटचा काही संबंध नाही.' तेव्हा नम्रपणे पण ठामपणे सांगा, 'स्टेंट आहे, थंडी वाजून आली आहे, आधी रक्तात जंतू निघाले होते. पोटाच्या डॉक्टरांना दाखवा.' पित्त अर्धवट तुंबलं असेल तर सुरुवातीला बिलिरुबिन वाढतही नाही. सोनोग्राफीत पित्तनलिकेत हवा दिसते का, हे विचारा. उघड्या स्टेंटमधून आतड्यातली हवा वर जाते, त्यामुळे ती दिसणं चांगलं. आधी दिसणारी हवा गायब झाली आणि नलिका फुगलेल्या असल्या, तर स्टेंट बुजल्याची शक्यता मोठी.

सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) रिपोर्ट आला की एक हिशोब स्वतः करून पाहा. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) टक्केवारीने गुणायचं आणि 100 ने भागायचं. समजा पेशी 1,800 आणि न्यूट्रोफिल 22 टक्के, तर उत्तर 396. हा आकडा 500 च्या खाली असताना ताप आला, तर गोळ्यांवर घरी ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. त्या दिवसांत गुदद्वारातून एनिमा किंवा औषधाची कांडीही देत नाहीत.

काय करू नये तेही सांगतो. 'पुन्हा होऊ नये' म्हणून रोज अँटिबायोटिकची गोळी चालू ठेवू नका. त्याने आणखी चिवट जंतू तयार होतात आणि पुढच्या वेळी मेरोपेनेमही चालेनासं होतं. पित्त पातळ करणारी म्हणून अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळी अनेक जण देतात, पण तिने स्टेंट जास्त काळ उघडा राहतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे बाबांना नेऊ नका, ही मनापासून विनंती. नाकात थेंब, डोक्यावर माळ, पाल्याचा रस यांमुळे गाठीने दाबलेली नलिका मोकळी होत नाही, आणि वाया जातात ते दिवस परत मिळत नाहीत. अमुक खाल्ल्याने स्टेंट बुजतो असंही पथ्य नाही. भूक असेल ते ताजं, शिजवलेलं खाऊ द्या, पाणी भरपूर प्यायला द्या.

पुन्हा होऊ नये यासाठी खरा उपाय स्टेंटच्या तारखेत आणि प्रकारात आहे. बाबांना बसवलेला नवा स्टेंटही प्लास्टिकचाच आहे, म्हणजे तीन महिन्यांनी तो बदलावाच लागेल, त्रास असो वा नसो. ती तारीख आताच घेऊन ठेवा, आणि केमोचे पेशी खाली जाण्याचे दिवस टाळून घ्या. त्याच वेळी धातूच्या स्टेंटबद्दल स्पष्ट विचारा. तो उघडल्यावर साधारण 10 मिलिमीटर रुंद होतो, म्हणजे प्लास्टिकच्या तिप्पट, आणि बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभर टिकतो. कॅन्सर तुकड्याच्या तपासणीत सिद्ध झाला असेल आणि केमो काही महिने चालणार असेल, तर आमच्या मते धातूचाच घालावा. एकदा जास्त पैसे जातात, पण प्रत्येक बुजलेला प्लास्टिकचा स्टेंट म्हणजे पुन्हा ईआरसीपी, चुकलेली केमो, आणि नशीब वाईट असेल तर आयसीयूचे दिवस. धातूचाही बुजू शकतो. जाळीतून गाठ आत वाढते किंवा गाळ साचतो, मग आत बलून फिरवून साफ करतात किंवा त्याच्यात दुसरा स्टेंट घालतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी विचारा.

ज्यांच्या पेशंटला स्टेंटऐवजी बरगडीखालून बाहेर नळी आणि पिशवी आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात. पिशवी कमरेच्या खाली ठेवा, रोज किती मिलिलिटर आलं ते लिहा. नळी धुवायला सांगितली असेल तर 5 ते 10 मिलिलिटर निर्जंतुक सलाईन हळूच आत सोडा, परत ओढू नका. आत सोडताना अडथळा लागला तर जोर लावायचा नाही. जोराने ढकललं की दाब वाढून जंतू रक्तात जातात आणि तासाभरात थंडी वाजते. नळीला टोपण लावलेलं असताना ताप आला, तर टोपण काढून पिशवी जोडा आणि निघा. पित्त एकाएकी थांबलं, नळीच्या बाजूने गळू लागलं किंवा रक्त आलं, तर त्याच दिवशी दाखवा. पित्त खूप वाहून जात असेल तर मीठ-पाणीही जातं, म्हणून ओआरएस आणि सोडियम-क्रिएटिनिनची तपासणी डॉक्टरांना विचारून ठरवा. ही नळीही दर दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते.

राहिली केमो. घाई नको, पण महिनाभर लांबवण्याचंही कारण नाही. अँटिबायोटिकचा कोर्स संपलेला, ताप नाही, बाबा उठून फिरताहेत, न्यूट्रोफिल 1,500 च्या वर, प्लेटलेट लाखाच्या आसपास आणि बिलिरुबिन नॉर्मलच्या दीडपटीच्या आत, एवढं जमलं की बहुतेक डॉक्टर पुढचा डोस देतात. इरिनोटेकॅन असलेल्या केमोत बिलिरुबिनचा नियम काटेकोर पाळतात, कारण हे औषध पित्तातूनच बाहेर पडतं आणि वाट बंद असेल तर पेशी धोकादायक खाली जातात. पुढच्या वेळी डोस थोडा कमी करायचा का, आणि केमोनंतर 24 तासांनी पेशी वाढवणारं इंजेक्शन द्यायचं का, हे दोन्ही तुम्ही स्वतः विचारा. डोसच्या आदल्या दिवशी सीबीसीबरोबर लिव्हर फंक्शनही करून घ्या. त्यातली अल्कलाइन फॉस्फटेज (पित्त तुंबलं की वाढणारा आकडा) मागच्या वेळेपेक्षा बरीच वाढलेली दिसली, तर बिलिरुबिन ठीक असलं तरी केमोआधी स्टेंट तपासून घ्या.